गोड औषधाचा इतिहास

लहान मुलाला औषध पाजण्याचा प्रसंग कधीं आला नाहीं, असें घर शोधूनहि सांपडावयाचें नाहीं. एकानें हात धरावे, दुसऱ्यानें डोकें सांवरावें आणि तिसऱ्यानें बोंडल्यानें किंवा चमच्यानें औषध घशांत लोटावें, अशी ही घरोघरची लढाई असते. औषध कडू आणि मूल हट्टी! या लढाईंतून सुटण्याचा एक उपाय माणसानें फार पूर्वींच शोधून काढला. तो म्हणजे औषधच गोड करणें. आज मी जें बोलणार आहें तें या गोडीविषयीं.

औषधाचा इतिहास सांगतांना आपण बहुधा औषधाचाच इतिहास सांगतों. तें कोणीं शोधिलें, कोणत्या रोगावर चाललें, किती जीव वांचले, याची हकीकत मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. परंतु ज्या पातळ पदार्थांत मिसळून तें औषध मुलाच्या पोटांत उतरतें, त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. गेल्या शंभर वर्षांत मुलांच्या औषधांनीं जे मोठे अनर्थ घडविले, त्यांतील कित्येक मूळ औषधानें घडविलेले नाहींत. ते त्याच्या अनुपानानें घडविलेले आहेत. हीच गोष्ट आज आपल्यापुढें मांडावी असा माझा विचार आहे.

अनुपान हा शब्द आपल्या वैद्यांनीं घरोघर पोंचविला. मात्रा मधांत चाटवावी, चूर्ण तुपांत द्यावें, हें शिकलेल्या-न शिकलेल्या सर्वांस ठाऊक असतें. शास्त्रांत या शब्दाचा अर्थ औषधाबरोबर किंवा त्याच्या मागून घ्यावयाचा पदार्थ, असा आहे. मी तो थोडा सैल करून, औषध ज्यावर स्वार होऊन पोटांत जातें तो पदार्थ, अशा अर्थानें वापरणार आहें. मुलांच्या औषधाचें माप निराळें असलें पाहिजे, हें आपल्या जुन्या वैद्यांस चांगलें उमगलें होतें. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत मुलांचे त्यांच्या आहारावरून तीन वर्ग केले आहेत. अंगावर पिणाऱ्या मुलाला बोटाच्या दोन पेरांच्या चिमटींत येईल तेवढें औषध. दूध आणि अन्न दोन्ही घेणाऱ्याला बोराच्या बीएवढें. आणि अन्न खाणाऱ्याला बोराएवढें. तराजू नसलेल्या घरांतहि चुकूं नये असें हें माप आहे.

आपल्या घरांतील गुटीचीहि रीति याच जातीची. सहाणेवर मुरडशेंग, बाळहिरडा, वेखंड, हळकुंड उगाळतांना आजी वेढे मोजते. मूल लहान असतांना एकच वेढा. तें वाढेल तसे वेढे वाढावयाचे. आणि जायफळाकडे हात जातांना मात्र तो आवरता घ्यावयाचा, कारण त्यानें मूल गुंगतें. या गुटींतील प्रत्येक पदार्थ निर्दोषच असतो, असें माझें म्हणणें नाहीं. मला लक्ष वेधावयाचें आहे तें दुसऱ्याच गोष्टीकडे. गुटी उगाळली जाते ती आईच्या दुधांत, नाहीं तर उकळून निवविलेल्या पाण्यांत. म्हणजे तेथें अनुपान डोळ्यांसमोर असतें. औषध जेव्हां कारखान्यांतील बाटलींत शिरलें, तेव्हां मापाची जबाबदारी चमच्यावर गेली, आणि अनुपान तर डोळ्यांआडच झालें.

युरोपांत मापाचा विचार निराळ्या वाटेनें झाला. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनीं १८१३ सालीं एक नियम सांगितला : मुलाच्या वयाला, त्या वयांत बारा मिळवून येणाऱ्या संख्येनें भागावें, आणि मोठ्या माणसाच्या औषधाचा तितका भाग मुलाला द्यावा. चार वर्षांच्या मुलाला चार भागिले सोळा, म्हणजे चतुर्थांश. बारा वर्षांच्या मुलाला निम्मा. नियम सुटसुटीत होता आणि तो दीर्घकाळ चालला. परंतु त्याच्या पोटांत एक समजूत लपलेली होती. ती अशी कीं, मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस. ही समजूत किती फसवी आहे, तें पुढें दिसून येईल.

गोड बाटल्यांचा व्यापार एकोणिसाव्या शतकांत फोफावला. अमेरिकेंत १८४९ पासून विकलें जाणारें ‘मिसेस विन्स्लोज् सूदिंग सिरप’ दांत येणाऱ्या रडक्या मुलांना शांत करी, आणि त्या शांतीचें रहस्य त्यांतील मॉर्फिनमध्यें होतें. आपल्याकडेहि निराळें चित्र नव्हतें. मुंबईच्या गिरण्यांतून काम करणाऱ्या स्त्रिया पाळीवर जातांना तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत, असें १९२० ते १९३० च्या दशकांतील चौकशांतून नमूद झालें आहे. त्या मातांना दोष देणें सोपें आहे. पण मूल दहा तास सांभाळणार कोण, या प्रश्नाला त्या वेळीं त्यांच्यापाशीं दुसरें उत्तर नव्हतें. अमेरिकेनें १९०६ सालीं कायदा करून अफू, मॉर्फिन यांसारखे पदार्थ बाटलीवर नमूद करण्याची सक्ति केली. तें औषध सुरक्षित असलेंच पाहिजे, असें मात्र हा कायदा म्हणत नव्हता. ही उणीव किती महागांत पडली, त्याची कथा आतां सांगतों.

१९३५ सालीं जर्मनींतील गेरहार्ड डोमाक यांनीं प्राँटोसिल या रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंतील संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, खरें काम त्या रंगाचें नसून त्यांतून शरीरांत सुटणाऱ्या सल्फानिलामाइडचें आहे. घशाचे व रक्ताचे जे रोग पूर्वीं हमखास प्राण घेत, ते या औषधानें बरे होऊं लागले. औषध होतें तें मात्र गोळ्या आणि भुकटी या रूपांत. १९३७ च्या जून महिन्यांत टेनेसी संस्थानांतील ब्रिस्टल गांवच्या मॅसेनगिल कंपनीला तिच्या विक्रेत्यानें कळविलें कीं, दक्षिणेकडील संस्थानांत या औषधाला पातळ रूपांत मागणी आहे. कंपनीचे मुख्य रसायनज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स कामाला लागले. सल्फानिलामाइड सहजासहजीं विरघळणारें नव्हे. पण डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर, पातळ द्रवांत तें छान विरघळलें. त्यांत रासबेरीचा स्वाद घालण्यांत आला. द्रावण दिसतें कसें, लागतें कसें, वास कसा येतो, याची कसोशीनें परीक्षा झाली. एका उंदराला मात्र त्याचा थेंबहि पाजून पाहण्यांत आला नाहीं. कारण कायदा तसें सांगत नव्हता. २४० गॅलन औषध तयार झालें, आणि सप्टेंबरांत त्याच्या ६३३ रवानग्या देशभर गेल्या. त्याचें नांव ठेविलें होतें ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’.

ऑक्टोबरच्या आरंभीं ओक्लाहोमा संस्थानांतील टल्सा शहरीं डॉक्टरांना एक विलक्षण गोष्ट दिसूं लागली. घसा दुखतो म्हणून आणलेलें मूल औषध घेई आणि बरें होण्याऐवजीं त्याला ओकाऱ्या सुरू होत. पोटांत कळा येत, आणि मग लघवी बंद होई. मूत्रपिंडें निकामी होऊन एक ते तीन आठवड्यांच्या यातनांनंतर शेवट येई. डॉक्टरांनीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनला कळविलें. तेथील प्रयोगशाळेनें बाटली तपासली आणि सल्फानिलामाइड निर्दोष ठरविलें. मारेकरी निघालें तें अनुपान!

सरकारी औषध-खात्याला १४ ऑक्टोबर रोजीं वर्दी मिळाली. खात्याचे बाहेर काम करणारे २३९ निरीक्षक व रसायनज्ञ होते. जवळजवळ त्या सर्वांना या एकाच कामावर पाठविण्यांत आलें. कंपनीनें दुकानदारांना तारा केल्या होत्या. पण त्यांत माल परत करा एवढेंच होतें, त्यानें जीव जातो हें नव्हतें. खात्यानें दबाव आणल्यावर दुसऱ्या तारा गेल्या. निरीक्षक दुकानें, दवाखाने, विक्रेत्यांच्या वह्या धुंडाळीत हिंडले. कित्येक चिठ्ठ्यांवर रोग्याचें पुरें नांव नाहीं, पत्ता नाहीं. तीन वर्षांच्या एका मुलासाठीं औषध नेलेलें कुटुंब डोंगराळ मुलखांत राहावयास गेलें होतें. त्याचा शोध घेण्यासाठीं एका डॉक्टरानें आपलें लग्न पुढें ढकललें आणि तो खात्याच्या माणसाबरोबर निघाला. या सर्व खटपटीनें २४० पैकीं २३४ गॅलन आणि एक पाइंट औषध हातीं आलें. जो काय अनर्थ झाला तो उरलेल्या सहा गॅलनांहूनहि कमी औषधानें केला. तें घेतलेल्या ३५३ रोग्यांचा पुढें छडा लागला. त्यांपैकीं १०५ मृत्यु पावले होते, आणि त्यांत ३४ मुलें होतीं.

आतां कायद्याची गंमत पाहा. विषारी औषध विकणें हा १९०६ च्या कायद्यानें गुन्हाच नव्हता. खात्याला हात घालतां आला तो एका शब्दामुळें. ‘एलिक्झिर’ म्हणजे मद्यार्क असलेलें औषध, असा संकेत होता, आणि या बाटलींत मद्यार्काचा थेंब नव्हता. तेव्हां नांव खोटें, म्हणून माल जप्त! कंपनीनें त्याला नुसतें ‘द्रावण’ म्हटलें असतें, तर तेवढाहि आधार उरला नसता. २६,१०० डॉलर दंड झाला. आपण रीतसर मागणी पुरविली, आपल्यावर जबाबदारी नाहीं, असें कंपनीच्या मालकांनीं म्हटलें. रसायनज्ञ वॉटकिन्स यांनीं मात्र आत्महत्या केली.

ज्या डॉक्टरांनीं विश्वासानें हें औषध लिहून दिलें, त्यांची स्थिति काय झाली असेल? मिसिसिपी संस्थानांतील एका डॉक्टरानें आपली व्यथा लिहून ठेविली आहे. पाव शतक त्यानें रोगी पाहिले, मृत्युहि पाहिले. परंतु आपल्या हातच्या औषधानें सहा माणसें गेलीं, आणि त्यांत एक आपला जिवलग मित्र होता, या विचारानें त्याच्या रात्री अशा जात कीं, मरण आलें तर बरें. टल्सा येथील एका आईनें अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून आपल्या लहान मुलीच्या शेवटच्या दिवसांचें वर्णन केलें, आणि असली औषधें विकण्यास बंदी करा, म्हणजे दुसऱ्या घरांवर हा प्रसंग येणार नाहीं, अशी विनवणी केली. नव्या कायद्याचा मसुदा १९३३ पासून अमेरिकन काँग्रेसमध्यें रखडला होता. २५ जून १९३८ रोजीं त्यावर अध्यक्षांची सही झाली. औषध बाजारांत आणण्यापूर्वीं तें सुरक्षित असल्याचा पुरावा सरकारपुढें ठेविला पाहिजे, हें तत्त्व त्या दिवशीं कायद्यांत आलें.

या प्रकरणाचा एक धागा पुढें लांबवर गेला. शिकागो विद्यापीठांत प्रोफेसर गाइलिंग यांनीं या विषाचे प्राण्यांवर प्रयोग केले, तेव्हां त्यांच्या हाताखालीं फ्रान्सेस ओल्डहॅम नांवाची एक तरुण विद्यार्थिनी होती. हीच बाई पुढें डॉ. फ्रान्सेस केल्सी या नांवानें अमेरिकेच्या औषध-खात्यांत दाखल झाली, आणि १९६० सालीं थॅलिडोमाइडचा अर्ज पुढें आला तेव्हां, पुरावा अपुरा आहे, म्हणून अडून बसली. युरोपांत त्या औषधानें हजारों मुलें व्यंगें घेऊन जन्मलीं. अमेरिका त्या संकटांतून बहुतांशीं वांचली.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, ही समजूतहि याच सुमारास ढांसळली. १९४९ सालीं बाजारांत आलेलें क्लोरँफेनिकॉल मोठ्यांच्या विषमज्वरावर रामबाण ठरलें; तेंच नवजात अर्भकांना वजनाच्या हिशेबानें दिलें, तेव्हां कांहीं अर्भकें राखाडी पडून गेलीं. कारण १९५९ मध्यें स्पष्ट झालें : तें औषध पचवून बाहेर टाकण्याची यकृताची शक्तिच त्या वयांत पुरी तयार झालेली नसते. भागाकार बरोबर होता. शरीर निराळें होतें.

पौष्टिकांची कथाहि अशीच आहे. मुडदूस टाळावा म्हणून ब्रिटनमध्यें महायुद्धाच्या काळापासून दुधाच्या भुकटींत व बालकांच्या पिठांत ‘ड’ जीवनसत्त्व मिसळीत, आणि वर कॉड माशाचें तेल वांटीत. प्रत्येक हातानें दिलेलें माप योग्यच. परंतु तिन्ही हातांचें मिळून होणारें माप कोणी मोजलें नाहीं. १९५० नंतरच्या वर्षांत कांहीं मुलांच्या रक्तांत कॅल्शियम भलतेंच वाढलें, त्यांची भूक गेली, वाढ खुंटली. १९५७ सालीं तेथें हें प्रमाण कमी करावें लागलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. हिंदुस्थानांतहि औषधांचा कायदा १९४० सालीं झाला. म्हणजे अमेरिकेच्या पाठोपाठच. तरी तेंच विष आपल्या दारीं पुनःपुन्हा आलें. १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल निघालें आणि १४ रोगी दगावले. न्यायमूर्ति बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानें खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उलगडून दाखविली, आणि त्या साखळीची प्रत्येक कडी गंजलेली निघाली. १९९८ सालीं दिल्लीजवळ गुडगांव परिसरांत खोकल्याच्या औषधानें ३३ मुलें गेलीं. २०२२ सालीं आफ्रिकेंतील गँबिया देशांत सुमारें ७० मुलांच्या मृत्यूचा संबंध भारतांत बनलेल्या पातळ औषधांशीं जोडला गेला. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत सर्दी-खोकल्याच्या औषधानें वीसांहून अधिक बालकें गेलीं. त्यांतील बरींचशीं उपचारांसाठीं आपल्या नागपुरांत आणलेलीं होतीं. औषध तामिळनाडूंत बनलें होतें. तेथील सरकारी तपासणींत त्या बाटलींत ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल आढळलें. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का.

असें पुनःपुन्हा कां व्हावें? ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हे औषधांत वापरावयाचे निर्धोक द्रव. डायएथिलीन ग्लायकॉल दिसावयास त्यांच्यासारखेंच, चवीला गोडसर, आणि किंमतीनें स्वस्त. तें कारखान्यांच्या कामाचें रसायन आहे. पिंप एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातें, वाटेंत चिठ्ठी बदलते, आणि शेवटचा कारखानदार प्रत्येक पिंप तपासण्याचा खर्च वांचवितो. १९३७ सालीं अज्ञान होतें. आज अज्ञानाची सबब उरलेली नाहीं; हें विष ओळखण्याची परीक्षा सर्वांस ठाऊक आहे, ती करण्याचें बंधनहि आहे. उणें आहे तें पाळणाऱ्याचें आणि पाळून घेणाऱ्याचें.

पण श्रोतेहो, सगळा दोष कारखान्याच्या दारांत ठेवून आपणांस मोकळें होतां येत नाहीं. बाटली घरांत येण्यापूर्वीं आणखी एक दार लागतें, तें चिठ्ठीचें. छिंदवाड्याच्या औषधांत ज्वराच्या पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हीं सर्दीचीं औषधें होतीं. हें शेवटचें जोडऔषध चार वर्षांखालील मुलांना देऊं नये, असा इशारा लेबलावर छापण्याचा आदेश आपल्या औषध-नियंत्रकांनीं डिसेंबर २०२३ मध्येंच दिला होता. ऑक्टोबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें पुनः बजावलें कीं, दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीचीं औषधें देऊंच नयेत, आणि पांच वर्षांखालीं तीं सामान्यतः देण्यासारखीं नाहींत. यामागील विचार समजून घेण्यासारखा आहे. लहान मुलाची साधी सर्दी बहुधा आपोआप बरी होते, आणि या औषधांनीं ती लवकर बरी होते असें सिद्ध झालेलें नाहीं. ज्या औषधापासून लाभ नाहीं, त्याचा अगदीं अल्प धोकाहि महागच. मुळांत ती बाटली नकोच होती, तर तिच्या अनुपानांत काय होतें, हा प्रश्नच उठला नसता.

म्हणून मुलासाठीं औषध लिहितांना डॉक्टरांनीं आणि तें घेतांना आईबापांनीं तीन प्रश्न विचारावे, असें हा इतिहास सुचवितो. पहिला, हें औषध खरोखर हवें आहे काय? ‘कांहीं तरी लिहून द्या’ हा आपला आग्रह डॉक्टरांच्या हातून नको तें लिहवून घेतो, हें विसरूं नये. दुसरा, माप किती, आणि तें कशानें मोजावयाचें? माप वयावरून नव्हे तर वजनावरून ठरवावें, मिलिलिटरांत लिहून घ्यावें, आणि बाटलीबरोबर मिळालेल्या खुणेच्या टोपणानें किंवा पिचकारीनें मोजावें. स्वयंपाकघरांतील चमचा हें माप नव्हे. एकच उदाहरण देतों. पॅरासिटामॉलचे तान्ह्या मुलांसाठीं मिळणारे थेंब बहुधा एका मिलिलिटरांत १०० मिलिग्रॅमचे असतात, आणि सरबत बहुधा पांच मिलिलिटरांत १२० किंवा १२५ मिलिग्रॅमचें. म्हणजे थेंबांची बाटली चौपट कडक! दोन्हींवर नांव एकच. सरबताचें माप थेंबांना लाविलें कीं, घात झाला. तिसरा प्रश्न, याबरोबर मुलाच्या पोटांत आणखी काय जात आहे? सर्दीच्या औषधांत पॅरासिटामॉल असूं शकतें, शक्तिवर्धकांत जीवनसत्त्वें असतातच. दोन बाटल्यांतून एकच पदार्थ दोनदां जात नाहीं ना, हें पाहावें. आणि एखादें पातळ औषध चालूं असतांना मुलाला ओकाऱ्या होऊन त्याची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर तें औषध बंद करून, बाटली जपून बरोबर घ्यावी व तडक रुग्णालय गांठावें. टल्साच्या डॉक्टरांनीं बाटली तपासावयास पाठविली, म्हणूनच अनेक जीव वांचले.

आजीला रसायनशास्त्र येत नव्हतें. पण वेढे मोजतांना तिचें लक्ष सहाणेवर असे, आणि त्यांत घातलेलें दूध कोणाचें, हें तिला माहीत असे. आज दूध कारखान्यांत मिसळलें जातें आणि सहाण आपल्याला दिसत नाहीं. ती पाहण्याचें काम सरकारी निरीक्षकाचें आहे, आणि तें तो पाहतो कीं नाहीं, हें विचारण्याचें काम आपलें, प्रत्येक नागरिकाचें आहे. १९३८ चा कायदा झाला त्यांत एका आईच्या पत्राचाहि वांटा होता. तसलें पत्र लिहिण्याची पाळी येण्यापूर्वींच आपण विचारूं लागलों, तर चौतीस मुलांनीं शिकविलेला धडा आपण अखेर शिकलों, असें म्हणतां येईल.